जेम्स वॉटची उमेदवारी

चहाच्या किटलीकडे टक लावून बसलेल्या मुलाची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा आमचा वाचक क्वचितच असेल. किटलीतले पाणी उकळते, झाकण थडथड उडू लागते, आणि तो मुलगा तेथल्या तेथे वाफेच्या यंत्राचा शोध लावतो! गोष्ट गोड आहे. परंतु खरी नाही. जेम्स वॉट जन्मास येण्यापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १७१२ साली, थॉमस न्यूकोमेन याचे वाफेचे यंत्र इंग्लंडात डडली गावाजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसू लागले होते. शिवाय या गोष्टीने कोवळ्या मनाची एक मोठी हानी होते. थोर कामे एका क्षणाच्या चमत्काराने होतात, त्यांस हात काळे करावे लागत नाहीत, असा समज मुलांच्या ठायी रुजतो. वॉटच्या आयुष्यात किटलीहून शतपट महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने लंडन शहरातील एका अरुंद गल्लीत केलेली एक वर्षाची उमेदवारी होय. तीच आज आम्ही सांगणार आहो.

आमच्यासारख्या शाळांतून दरसाल जी मुले बाहेर पडतात त्यांतील काही महाविद्यालयात जातात, तर काही एखाद्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल होतात. कोणी नळजोडणीचे काम शिकतो, कोणी विजेचे, आणि अलीकडे पुष्कळजण इमारती थंड किंवा उबदार राखणाऱ्या यंत्रांचे काम शिकू लागले आहेत. या दुसऱ्या मार्गाने जाणारा मुलगा निरोपसमारंभाच्या दिवशी थोडा मागे मागे उभा राहतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ही कथा विशेषेकरून त्याच्यासाठी आहे; कारण उष्णता आणि थंडी यांचा जो व्यवहार तो शिकणार, त्याचा एक मोठा पाया याच गृहस्थाने घातला, आणि तोही उमेदवारच होता.

जेम्स वॉटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या मुखाशी असलेल्या ग्रीनॉक या बंदरगावी झाला. आजोबा नौकानयनास लागणारे गणित शिकवीत. वडील जहाजे बांधीत, त्यांची डागडुजी करीत, होकायंत्रे वगैरे सामान विकीत, आणि व्यापारही करीत. या व्यापारात वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांच्या श्रमाने पिकलेला माल असे, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या काळच्या क्लाइडकाठच्या अनेक सुखवस्तू घरांची संपत्ती या मार्गाने आली होती. जेम्सची प्रकृती लहानपणापासून नाजूक. डोकेदुखीने तो दिवसच्या दिवस अंथरुणास खिळून असे. म्हणून त्याचे प्रारंभीचे शिक्षण आईजवळ घरीच झाले. पुढे तो गावच्या शाळेत गेला; पण त्याची खरी शाळा म्हणजे वडिलांचा कारखाना. तेथे त्याला एक लहानसे मेज, एक छोटी भट्टी आणि काही हत्यारे मिळाली होती, आणि त्यांनी तो याऱ्यांच्या व यंत्रांच्या प्रतिकृती घडवीत बसे.

तो सतरा वर्षांचा असताना, १७५३ साली, आई वारली. त्याच सुमारास वडिलांस व्यापारात खोट आली. आता मुलाने काही तरी धंदा धरून आपल्या पायांवर उभे राहणे प्राप्त झाले. गणिताची आवड आणि हाताचे कसब या दोहोंचा मेळ बसेल असा धंदा म्हणजे शास्त्रीय उपकरणे घडविण्याचा. १७५४ साली तो ग्लासगो शहरी गेला. तेथे आईकडील एक आप्त विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या ओळखीने रॉबर्ट डिक नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाशी परिचय झाला. हे काम नीट शिकवील असा कारागीर ग्लासगोत मिळणार नाही, लंडनला जावे, असा सल्ला डिकने दिला. त्याप्रमाणे जून १७५५ मध्ये एकोणीस वर्षांचा जेम्स एका आप्ताच्या सोबतीने घोड्यावर बसून निघाला आणि सुमारे बारा दिवसांनी लंडनला पोहोचला.

येथे त्याच्यापुढे एक बंद दार उभे राहिले. त्या काळी लंडनातील प्रत्येक कसबी धंदा कारागिरांच्या संघाच्या हाती होता. संघाचा नियम असा की, मुलाने सात वर्षे उमेदवारी करावी, त्याचा करारनामा रीतसर नोंदवावा, आणि मुदत पुरी झाल्यावर त्याने स्वतंत्र कारागीर म्हणून काम करावे. या नियमामागे शहाणपण होते. अर्धवट शिकलेल्या माणसाने बिघडविलेले होकायंत्र एखादे जहाज बुडवू शकते. म्हणून ग्राहकाचे रक्षण व्हावे, आणि उमेदवारासही काही वर्षांची निश्चिती मिळावी, हा त्याचा हेतू. परंतु याच नियमाने परगावचा, वयाने मोठा झालेला, आणि सात वर्षे थांबण्याइतका पैसा नसलेला मुलगा बाहेरच राही. जेम्स दुकानामागून दुकाने हिंडला. कोणी त्यास घेईना. काही दिवस तो एका घड्याळजीकडे पडेल ते काम करीत राहिला.

अखेरीस कॉर्नहिल भागातील फिंच लेन या गल्लीतील जॉन मॉर्गन नावाचा उपकरणकार त्यास एक वर्ष शिकविण्यास तयार झाला. अट अशी की, जेम्सने वीस गिनी रोख द्याव्या आणि वर्षभर जे काम करील त्याचा मोबदला मागू नये. सात वर्षांचे शिक्षण एका वर्षात घ्यावयाचे होते. जेम्सने ते घेतले. पितळी पट्ट्या आणि मोजमापाची साधी साधने यांपासून प्रारंभ करून तो काही महिन्यांतच खलाशांचे कोनमापक, होकायंत्रे आणि जमीन मोजणाराचे थिओडोलाइट येथवर येऊन पोहोचला. उमेदवारीच्या अखेरीस त्याने जो फ्रेंच पद्धतीच्या सांध्याचा पितळी सेक्टर घडविला, तो या धंद्यातील अवघड कामांत गणला जाई.

हे शिक्षण स्वस्त पडले नाही. दिवसाचे दहा तास मॉर्गनचे काम. त्यानंतर उरलेल्या वेळात चार पैसे मिळावे म्हणून स्वतःचे काही किरकोळ काम. वडिलांवर भार पडू नये म्हणून आठवड्यास आठ शिलिंगांत तो पोटापाण्याचे भागवी. दुकानात दाराजवळची जागा वाट्याला आल्यामुळे हिवाळाभर गार वारा अंगावर येई. त्याने खोकला जडला आणि पाठ धरली. शिवाय एक भय निराळेच होते. १७५६ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले, आणि आरमारासाठी माणसे पकडणाऱ्या टोळ्या लंडनच्या रस्त्यांवर फिरू लागल्या. रीतसर नोंदलेल्या उमेदवारास त्यांच्यापासून संरक्षण असे. जेम्सचा करार संघाच्या दप्तरी नव्हता. तो पकडला गेला असता तर दाद मागावयास जागा नव्हती. म्हणून तो बाहेर पडण्याचेच टाळी. कामगारास संघाचे छत्र म्हणजे काय, हे ते नसल्यामुळे त्याला जितके कळले, तितके ते असणारांसही क्वचित कळले असेल.

वर्ष पुरे होताच तो आजारी शरीर, काही हत्यारे आणि तयार झालेला हात एवढे घेऊन स्कॉटलंडात परतला. ग्लासगोत दुकान मांडावे हा बेत. तेथे दुसरे दार बंद झाले. हातोडा चालविणाऱ्या सर्व धंद्यांचा जो संघ त्या शहरात होता, त्याने हा ना येथील नागरिकाचा मुलगा, ना पुरी उमेदवारी केलेला, असे म्हणून त्यास मज्जाव केला, असे परंपरेने सांगतात. इतके मात्र निश्चित की, त्याला पहिला आसरा शहराने नव्हे तर विद्यापीठाने दिला. जमैका बेटावरील एका स्कॉटिश व्यापाऱ्याने मृत्युपत्राने दिलेली खगोलाची उपकरणे समुद्रप्रवासात खराब होऊन आली होती. ती साफ व दुरुस्त करण्याचे काम १७५६ च्या अखेरीस वॉटकडे आले, आणि त्याबद्दल त्यास पाच पौंड मिळाले. १७५७ साली विद्यापीठाने आपल्या आवारात त्यास एक खोली दिली व विद्यापीठाचा उपकरणकार असे नाव दिले. आवारात शहराच्या संघाचा अंमल चालत नसे.

ती खोली लवकरच एक लहानसे विद्यालय बनली. विद्यार्थी व प्राध्यापक तेथे येऊन बसत. त्यांत जोसेफ ब्लॅक नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. बर्फ वितळताना आणि पाण्याची वाफ होताना पुष्कळ उष्णता आत जाते, पण तापमापकाचा पारा जागचा हलत नाही, हे त्याने दाखवून दिले होते. या दडून बसलेल्या उष्णतेस आपण सुप्त उष्णता म्हणतो. जॉन रॉबिसन नावाच्या विद्यार्थ्याने १७५९ च्या सुमारास वॉटचे लक्ष वाफेच्या यंत्राकडे प्रथम वळविले. पोटासाठी मात्र वॉट जे येईल ते काम घेई. संगीताचा कान अगदीच नसता त्याने वाद्येही घडविली. सुरांची गणिते तो पुस्तकांतून शिकला. १७६४ साली त्याने आपल्या आप्तांतील मार्गारेट मिलर हिच्याशी विवाह केला.

१७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठातील न्यूकोमेनच्या यंत्राची एक प्रतिकृती दुरुस्तीस आली. तिच्या सिलिंडरचा व्यास दोन इंच. दुरुस्ती झाली, तरी चार-दोन फेऱ्या होताच यंत्र थांबे. बॉयलरची वाफ पुरेना. दुसऱ्या कारागिराने दुरुस्तीचे पैसे घेऊन ते परत दिले असते. मोजल्यावाचून चैन न पडणाऱ्या उमेदवारीच्या संस्काराने वॉटला तसे करू दिले नाही. वाफ जाते कोठे, याचा तो हिशेब करू लागला.

न्यूकोमेनच्या यंत्राची रीत अशी होती. सिलिंडरात वाफ भरावयाची. मग त्याच सिलिंडरात गार पाण्याची पिचकारी सोडावयाची. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी होई, आणि बाहेरील हवेच्या भाराने दट्ट्या खाली येई. पुढच्या फेरीस पुन्हा वाफ भरावयाची. पण सिलिंडर तर आताच गार केलेले! ते पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडे. वॉटने मोजून पाहिले तेव्हा सिलिंडर भरण्यास जितकी वाफ हवी तिच्या कितीतरी पट प्रत्येक फेरीस लागत होती. थोड्याशा वाफेने आपल्या सुमारे सहापट वजनाचे गार पाणी उकळीस येते, हेही त्यास आढळले. त्याचे त्यास नवल वाटून तो ब्लॅककडे गेला, तेव्हा ब्लॅकने त्यास सुप्त उष्णतेचा सिद्धान्त समजावून सांगितला. हाताने काढलेला आकडा आणि वर्गातील विद्या यांची अशी गाठ पडली.

पेच आता स्पष्ट झाला. एकच भांडे एका क्षणी तप्त आणि दुसऱ्या क्षणी गार असावे, ही मागणीच उधळपट्टीची होती. मे १७६५ मधील एका रविवारी दुपारी वॉट ग्लासगोच्या हिरवळीच्या मैदानावर फिरावयास गेला असता त्याला तोड सुचली. सिलिंडर सदा तप्त ठेवावे. त्यास जोडून एक निराळे पात्र सदा गार ठेवावे. वाफ आपल्या आपण त्या पोकळ पात्रात धाव घेईल आणि तेथे तिचे पाणी होईल. त्या काळच्या स्कॉटलंडात प्रभूच्या दिवशी हत्यारास हात लावणे निषिद्ध होते. म्हणून त्यास सोमवारची वाट पाहावी लागली. सोमवारी त्याने शरीरशास्त्राच्या कामाची एक पितळी पिचकारी घेतली, तिचे सिलिंडर केले, आणि प्रयोग सिद्धीस नेला. विचार क्षणात सुचला हे खरे. परंतु त्यामागे दीड वर्षाचे मोजमाप होते, आणि ज्या हातांनी सोमवारी त्यास रूप दिले ते फिंच लेनमध्ये तयार झाले होते.

पिचकारीपासून खाणीवरील यंत्रापर्यंत अकरा वर्षे लागली. जॉन रोबक या कारखानदाराने वॉटचे सुमारे हजार पौंडांचे कर्ज अंगावर घेतले, आणि १७६९ साली शोधाचा एकाधिकार मिळाला. पण मोठे सिलिंडर गोल मिळेना. ते बूच, तेलकट चिंध्या, जुन्या टोप्या यांनी बुजविले तरी वाफ सुटे. संसार चालविण्यासाठी वॉट कालव्यांच्या मोजणीची कामे करीत डोंगराळ मुलखात पावसापाण्यातून हिंडला. १७७३ साली तो अशाच कामावर दूर असता पत्नी बाळंतपणात वारली. त्याच वर्षी रोबकचे दिवाळे वाजले. १७७४ साली वॉट बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन याच्या सोहो येथील कारखान्यात गेला, आणि त्याचे दैव फिरले. जॉन विल्किन्सन याने तोफा कोरण्याची नवी रीत काढली होती. तिने पन्नास इंच व्यासाचे सिलिंडर जुन्या शिलिंगाच्या जाडीहून अधिक चूक न होता कोरता येऊ लागले. १७७६ साली पहिली मोठी यंत्रे चालू झाली. तितक्याच कामास कोळसा इतका कमी लागू लागला की, कॉर्नवॉलमधील खाणवाल्यांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश एवढेच ही मंडळी आपले मूल्य म्हणून घेत.

सोहोच्या कारखान्याची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. मोठी रक्कम देऊन आपला मुलगा बोल्टनकडे उमेदवार ठेवावा अशी सधन लोकांची इच्छा असे. बोल्टन त्यांस नकार देई आणि पोरकी मुले, धर्मादायावर वाढलेली मुले यांस घेई. त्यांच्यासाठी त्याने घरही बांधले होते. आजारी व जखमी कामगारांस मदत मिळावी म्हणून कारखान्यात एक निधी होता, त्यात प्रत्येकजण आपल्या मजुरीतून काही भाग टाकी. विल्यम मर्डॉक हा तरुण १७७७ साली स्कॉटलंडातून पायी चालत कामाच्या शोधात आला. त्याच्या डोक्यावरील टोपी लाकडाची होती आणि ती त्याने स्वतः कातलेली होती, एवढ्यावरून बोल्टनने त्याची पारख केली. यंत्रे खाणीवर नेऊन उभी करणे, बिघडली तर रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्त करणे, हे मर्डॉकसारख्या मिस्त्र्यांचे काम. आज हत्यारांची पेटी घेऊन इमारतीच्या गच्चीवर चढणारा शीतयंत्राचा मिस्त्री याच कुळातला होय.

इमारतींस ऊब पुरविण्याच्या कामातही वॉटने हात घातला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १७८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने आपल्या अठरा फूट लांब व चौदा फूट रुंद अशा कामाच्या खोलीत कल्हई केलेल्या पत्र्याची एक चपटी पेटी बसवून तीत वाफ सोडली. अपेक्षेइतकी ऊब मिळाली नाही; चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो, हे पुढे समजले. परंतु वाट सापडली. १७९९ ते १८०१ या काळात सॉल्फर्ड येथे जी सुताची गिरणी उभी राहिली तिच्यात मजले पेलणारे ओतीव लोखंडाचे पोकळ खांबच वाफेचे नळ झाले, आणि ते काम बोल्टन व वॉट यांच्या कारखान्याने केले.

यानंतरच्या शोधांची नुसती नावे सांगून आम्ही पुढे जातो: दोन्ही बाजूंनी दाब घेणारे यंत्र १७८२ साली, दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत चालविणारी जुळणी १७८४ साली, वेग आपोआप आवरणारा नियंत्रक १७८८ साली. घोड्याच्या कामाशी यंत्राचे काम ताडून पाहण्यासाठी त्याने अश्वशक्तीचे माप ठरविले. १८०० सालापर्यंत सोहोची सुमारे साडेचारशे यंत्रे निघाली. आमच्या मुंबईशीही या कारखान्याचा संबंध आला. वॉटच्या मृत्यूनंतर, १८२० नंतरच्या दशकात, मुंबईच्या टांकसाळीची यंत्रसामग्री सोहोहून आली.

येथवर सर्व गुणगान झाले. पण चरित्र सांगणाराने एका बाजूचेच वजन पाहू नये. ज्यास संघाने दाराबाहेर ठेवले, तो पुढे स्वतः दाराशी कसा उभा राहिला? १७७५ साली पार्लमेंटने वॉटचा एकाधिकार १८०० सालापर्यंत वाढवून दिला. या पंचवीस वर्षांत जोनाथन हॉर्नब्लोअर वगैरे कुशल यंत्रकारांनी निराळी यंत्रे काढली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध वॉट व बोल्टन न्यायालयांत गेले आणि १७९९ साली जिंकले. मर्डॉकने १७८४ साली वाफेवर चालणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती केली. तिलाही वॉटने उत्तेजन दिले नाही. अधिक दाबाची वाफ त्यास धोक्याची वाटे, आणि त्या काळच्या बॉयलरांचा विचार करता हे भय पोकळ नव्हते. तथापि १८०० साली एकाधिकार संपताच इतरांच्या हातून ज्या वेगाने सुधारणा झाल्या त्या पाहता, दार अधिक आधी उघडले असते तर बरे झाले असते, असे आमचे नम्र मत आहे. वॉटची बाजू अशी की, त्याने अकरा वर्षे उपासमारीची भीती डोक्यावर वागवून हा शोध पुरा केला होता. त्याचे फळ पहिल्याच चोराने न्यावे काय? दोन्ही बाजूंत सत्य आहे. याच सुमारास, १७९९ व १८०० साली, इंग्लंडात कामगारांनी मजुरीसाठी संघटना करणे कायद्याने गुन्हा ठरविण्यात आले, आणि ते बंधन १८२४ साली उठले. मालकांच्या शोधास पंचवीस वर्षांचे कुंपण, आणि कामगारांच्या एकजुटीस तुरुंग, असा तो काळ होता.

१८०० साली वॉट कामातून निवृत्त झाला. दुसरी पत्नी अ‍ॅन मॅकग्रेगर हिच्यापासून झालेला ग्रेगरी नावाचा बुद्धिमान मुलगा १८०४ साली ऐन तारुण्यात वारला. या दुःखात त्याला विसावा मिळाला तो पोथ्यांत नव्हे, तर आपल्या घराच्या माळ्यावरील कारखान्यात. ग्लासगो विद्यापीठाने १८०६ साली, एके काळी ज्यास एक खोली दिली होती, त्यास सन्मानाची पदवी दिली. सरदारकीची विचारणा झाली तेव्हा त्याने ती नाकारली. माळ्यावर तो मूर्तींच्या हुबेहूब प्रती कोरणारे यंत्र तयार करीत बसे. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी, तो मरण पावला. तो माळा हत्यारांसकट लंडनच्या विज्ञान संग्रहालयात १९२४ साली हलविण्यात आला. जगाने ज्यास थोर शोधक म्हणून गौरविले, तो शेवटपर्यंत एका कारागिराच्या मेजाशी बसला होता.

विद्यार्थी मित्रहो, खोली गार करणारे यंत्र विकत घेताना दुकानदार ते एक टनाचे की दीड टनाचे, असे विचारतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी खोलीतून बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. बर्फात दडणाऱ्या उष्णतेचा हिशेब ब्लॅकने शिकविला. आणि हीच शक्ती दुसऱ्या मापाने सांगावयाची तर ती सुमारे साडेतीन हजार वॉट होते, कारण १८८२ साली शक्तीच्या एककास वॉटचे नाव सुचविण्यात आले. त्या यंत्रात दोन नळ्यांची जाळी असतात. आतल्या जाळीत द्रव उकळून त्याची वाफ होते व ती खोलीतील उष्णता शोषून घेते; मग ती वाफ दाबून बाहेरच्या जाळीत नेली की तेथे तिचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेरच्या हवेत जाते. उष्ण जागा निराळी, थंड जागा निराळी! बाहेरच्या जाळीस मिस्त्री लोक कंडेन्सर म्हणतात. वॉटच्या त्या निराळ्या पात्राचे नाव हेच होते.

आणि या धंद्यात शिरण्याची वाट? ती आता तितकी अरुंद राहिलेली नाही. आपल्या देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीतयंत्रांचे दोन वर्षांचे शिक्षण मिळते, आणि १९६१ च्या कायद्याने उमेदवारास करारनामा व विद्यावेतन यांचा हक्क दिला आहे. अमेरिकेत नळजोडणी, वाफेचे नळ आणि शीतयंत्रे यांचे काम करणाऱ्या कामगारांची जी मोठी संघटना १८८९ साली स्थापन झाली, तिच्या आजच्या नावातच उमेदवार हा शब्द आहे. तेथे उमेदवारी पाच वर्षांची असते. दिवसा जाणत्या मिस्त्र्याच्या हाताखाली मजुरी घेऊन काम, आणि त्याच्या जोडीस वर्गातील अभ्यास. वॉटला वीस गिनी देऊन व मजुरीवर पाणी सोडून जे मिळाले, ते तेथील उमेदवारास मजुरी मिळवीत मिळते. आणि ज्या छत्रावाचून वॉट लंडनच्या रस्त्यावर पाऊल टाकण्यास भ्याला, ते छत्र त्याला पहिल्या दिवसापासून असते. मात्र संघ जुना असो वा नवा, त्याची कसोटी एकच: तो काम चोख राखतो काय, आणि बाहेर उभ्या असलेल्या लायक मुलास आत घेतो काय? पहिले करून दुसरे न करणारा संघ आपल्याच धंद्याचे नुकसान करतो; ग्लासगोत तेच झाले, असे परंपरेने सांगतात.

१८१६ साली, ऐंशी वर्षांचा झालेल्या वॉटने आपल्या जन्मगावास शंभर पौंड दिले. त्या रकमेतून शास्त्रविषयक पुस्तके घ्यावी आणि ती ग्रीनॉकच्या तरुणांस वाचावयास मिळावी, एवढाच त्यामागे हेतू होता. त्या गावच्या वाचनालयास पुढे त्याचे नाव मिळाले. ज्यास स्वतःला दारे ठोठावीत हिंडावे लागले होते, त्याने अखेरच्या दिवसांत एक दार मागून येणारांसाठी असे उघडे करून ठेवले. येत्या जून महिन्यात जे आमचे विद्यार्थी पुस्तकांबरोबर पाना आणि कानसही हाती घेतील, त्यांनी खाली मान घालण्याचे कारण नाही. त्यांनी पहिल्या दिवसापासून नीट मोजावे, हात शिकत असता प्रश्न विचारणे सोडू नये, आणि पुढे स्वतः जाणते मिस्त्री झाल्यावर, दाराशी एखादा परगावचा मुलगा येऊन उभा राहिला, तर त्यास आत घ्यावे.